पुढच्या सीटचा मान

नाही नाही, खुर्ची राहू द्या... आणि पुढच्या रांगेतली तर मुळीच नको! उभाच बरा आहे मी. "ज्येष्ठ आहेत, त्यांना पुढे बसवा, पुढे बसवा..." अहो, हे पुढे बसवण्याचं जे खूळ आहे ना आपल्या लोकांत, त्यानंच माझा घात केलाय. हसताय? हसा. परवा आमच्या बिल्डिंगीतले लोकही जिन्यात उभे राहून हसले. चौथ्या मजल्यावरचे, ज्यांना मी आयुष्यात हसताना पाहिलं नव्हतं, तेसुद्धा हसले. का हसले ते सांगतो, पण आधी ती खुर्ची तिकडे न्या बरं... समोर दिसली तरी पाठीला कसंतरी होतं.

तर तुम्हाला सांगतो, मे महिना, नातवंडांना सुट्टी, आणि आमचा विक्रांत, म्हणजे मुलगा, त्यानं नवी गाडी घेतलेली. सात सीटची. आम्ही माणसं आठ, पण आपल्याकडे सात सीटच्या गाडीत आठ माणसं म्हणजे गाडी मोकळी आहे असं धरतात. सून प्रीती म्हणाली, "बाबा, या वर्षी दोन्ही आजी-आजोबांना घेऊन श्रीवर्धनला जाऊ. मुलांना समुद्र दाखवू." मी म्हटलं, जा. ती म्हणाली, "जा नाही, जाऊ." इथेच माझ्या पोटात पहिला गोळा आला.

कारण मला गाडी लागते! आता सांगायला काय लाज. मी भीमराव, आनंदनगरला एका कारखान्यात टाइम ऑफिसचा क्लार्क, सगळी नोकरी सायकलवर झाली. घरातून सायकल काढायची, कारखान्याच्या गेटात लावायची, संपला प्रवास. बाकी जो काही प्रवास केला तो वाचून केला. हिमालय वाचला, रशिया वाचला, आफ्रिकेतलं जंगल तर दोनदा वाचलं... आणि एवढ्या वाचनात मला एकदाही गाडी लागली नाही! पण खरी गाडी, तीही बंद काचेची, त्यात तो नव्या प्लास्टिकचा वास, त्यात वळण... पहिल्या वळणाला तोंडाला पाणी सुटतं, दुसऱ्याला कानामागे घाम, आणि तिसऱ्याला मी मनातल्या मनात सगळ्यांना माफ करून टाकतो.

यावर औषध एकच. पुढची सीट! ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं, काच चार बोटं खाली घ्यायची, समोर रस्त्यावर नजर ठेवायची, की मला काही होत नाही. श्रीवर्धनच काय, मी श्रीनगरला जाईन. आता तुम्ही म्हणाल, मग बसायचं ना पुढे, मुलाचीच गाडी आहे! अहो, तेवढं सोपं असतं तर मी आत्ता खुर्चीत बसून बोलत नसतो का?

त्याचं असं झालं, विक्रांतचं लग्न ठरलं तेव्हा मी वाचलेला माणूस, विचारांचा माणूस, जे वाचलं ते अंगात भिनलेला माणूस. लग्नात मंगल परिणय झाला, मंडळी जेवायच्या तयारीत, तेवढ्यात मी माइक हातात घेतला. म्हटलं, "बंधू-भगिनींनो, आजपासून आमच्या दोन्ही घरांत मुलाकडचे आणि मुलीकडचे हे शब्द बंद! मुलाकडचे म्हणून आम्ही कुठला मान घेणार नाही. आपल्यात मानपान नाही!" काय टाळ्या पडल्या म्हणता! वाढपीसुद्धा पातेली खाली ठेवून टाळ्या वाजवत होते. लगेच आमचे व्याही उठले, शंकरराव. एसटीतले निवृत्त कंडक्टर, आवाज असा की माइक नसता तरी चाललं असतं. म्हणाले, "आणि मुलीचा बाप म्हणून मीही वाकणार नाही! व्याह्यांच्या बरोबरीनं, पुढे बसेन!" पुन्हा टाळ्या. मी त्यांना मिठी मारली. फोटो आहे.

आणि तुम्हाला सांगतो, ज्या दिवसापासून आमच्यात मानपान बंद झालं, त्या दिवसापासून मानपानाला ऊत आला! पूर्वी निदान एकाच बाजूला मान द्यावा लागायचा हो. आता दोन्ही बाजू एकमेकांना देतात. ते आमच्याकडे आले की मी स्टुलावर आणि ते सोफ्यावर. मी त्यांच्याकडे बदलापूरला, सोनिवलीला गेलो की ते स्टुलावर आणि मी सोफ्यावर. मधे एकदा दोघंही स्टुलावर बसून सोफ्याकडे बघत चहा प्यायलो. आपल्यात मानपान नाही!

तर निघायच्या आदल्या दिवशी मी आमच्या हिला, गंगूला, हळूच म्हटलं, "अगं, मला पुढे बसावं लागेल बरं का, तुला माहीत आहे माझं." भाकरी थापत होती. थापायची थांबली. "अहो, काय बोलता? ते मुलीकडचे मागे सामानाशेजारी बसणार आणि तुम्ही मुलाचे बाप म्हणून पुढे ऐटीत? एवढं माइकवर बोललात ते विसरलात? उद्या विहीणबाई म्हणतील, शेवटी मुलाकडचे ते मुलाकडचेच!" मी म्हटलं, "अगं पण मला उलटी..." "गोळी घ्या. लिंबू हुंगा. खाली पेपर घालून बसा, पेपरावर बसलं की लागत नाही गाडी. पण पुढची सीट व्याह्यांची! आणि त्यांच्यासमोर लागतं-बिगतं म्हणायचं नाही, लगेच उठून जागा देतील बिचारे. आपल्यात मानपान नाही!"

बरं, गाडीत काही सांडायची सोय नाही. का? तर विक्रांतनं गाडी घेतल्याबरोबर सीट कव्हरं बसवून आणलेली, उल्हासनगरला कॅम्प दोनमधून. मी बरोबर होतो. दुकानदार सिंधी, गल्ल्यावरून न उठता हातानं कव्हर कुरवाळत म्हणतो, "साईं, हाथ लगाके देखो! मखमल है मखमल! इसपे बैठेगा तो उठने का मन नहीं करेगा!" हे वाक्य ध्यानात ठेवा. रंग कोणता घ्यावा? दुधावरच्या साईसारखा! आठ माणसं, त्यात दोन पोरं, कोकणचा प्रवास, आणि साईच्या रंगाची मखमल. विक्रांतनं गाडीत फर्मान काढलं, "कोणीही काहीही सांडायचं नाही." असं म्हणून सगळ्यांकडे बघून झाल्यावर शेवटी माझ्याकडे बघितलं. बापाकडे!

झालं. सकाळी अंबरनाथहून निघालो, सोनिवलीला व्याह्यांच्या सोसायटीखाली गाडी लावली. शंकरराव इस्त्रीच्या शर्टात, अंजनीताई, म्हणजे आमच्या विहीणबाई, हातात डब्यांची पिशवी घेऊन. जय भीम, जय भीम झालं. आणि मग पुढच्या दाराशी सुरू झालं ते...

"या शंकरराव, बसा पुढे."

"छे छे, भीमराव, तुम्ही बसा."

"छे छे, तुम्ही."

"नाही नाही, तुमच्या मुलाची गाडी."

"तुमच्या जावयाची गाडी!"

वॉचमन खुर्ची सोडून उठून आला, त्याला वाटलं भांडण लागलंय. मी एकदा आशेनं म्हटलं, "बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर..." आणि दाराच्या मुठीला हात लावला, तोच मागून गंगू खाकरली. नुसती खाकरली हो! मी मूठ सोडली. आता शंकररावही मुठीपासून मागे सरकत होते, म्हणजे मला वाटलं विनयानं सरकताहेत, तर अंजनीताई त्यांच्या कानाशी लागल्या. मागाहून कळलं काय म्हणाल्या ते. "नाही म्हणू नका! त्यांना वाटेल मुलीकडचे म्हणून दबून राहतात. बसा गप पुढे!" शंकरराव बसले. फाशीच्या तख्तावर चढावं तसे बसले, पण आम्हाला तो रुबाब वाटला. दार लागलं. अंजनीताई म्हणाल्या, "आपल्यात मानपान नाही!" गंगू म्हणाली, "तर काय!"

मधल्या सीटवर गंगू, अंजनीताई, प्रीती, आणि प्रीतीच्या मांडीवर आमची नात यशोधरा. सात वर्षांची, तोंडाला कुलूप नाही. आणि मागे, अगदी मागे, जिथे गाडी संपते आणि सामान सुरू होतं, तिथे मी आणि नातू आकाश. मी बुडाखाली पेपर घातला. आकाश दहावीला जाणारा, कानात ते पांढरे बोळे, एक बोळा काढून म्हणतो, "आजोबा, पेपर पे क्यूँ बैठे हो? वाचून झाला का?" मी म्हटलं, "नाही, मुरायला घातलाय."

वांगणीपर्यंत ठीक होतो. नेरळला लिंबू हुंगलं. कर्जतला लिंबू चावलं. मागे एसी येतो असं विक्रांत म्हणत होता, तो एसी मधल्या सीटवर तीन बायकांनी वाटून घेतला, माझ्यापर्यंत नुसता त्याचा आवाज आला. आणि मागच्या सीटचं वैशिष्ट्य असं की पुढच्यांना जो खड्डा लागून गेलेला असतो, तो आपल्याला नंतर व्याजासकट लागतो! मी तोंड मिटून समोर बघत होतो. समोर काय? तर दोन बायकांचे अंबाडे आणि त्यांच्या मधून, लांब, उजेडात, शंकररावांचं डोकं. ताठ! जरा हलत नव्हतं. काय बसलाय माणूस, मी मनात म्हटलं, दिल्लीचं सिंहासन मिळाल्यासारखा. माझी वळणागणिक आतडी वळताहेत आणि हा गृहस्थ देखावे बघतोय.

तेवढ्यात यशोधरा वाकून बघत म्हणाली, "नाना डोळे मिटून बसलेत!"

अंजनीताई पटकन म्हणाल्या, "ध्यान करतायत. दहा दिवसांचं शिबिर करून आलेत ना."

गंगू लगेच मागे वळून मला म्हणाली, "बघा! शिका काहीतरी."

यशोधरानं माझ्याकडेही निरखून बघितलं. माझा चेहरा तेव्हा कच्च्या कैरीच्या रंगाचा असणार. "आजी, आजोबापण ध्यान करतायत! पण त्यांच्या ध्यानाला घाम येतो!"

खोपोलीच्या पुढे, पालीच्या रस्त्याला लागलो आणि अंजनीताईंनी डबा उघडला. बंद काचा. उघडला डबा. त्यात काय असावं? सुक्या बोंबलाची चटणी, लसूण घालून! एरवी मी त्या चटणीसाठी सोनिवलीला चालत जाईन, खोटं नाही सांगत. पण त्या क्षणी तो वास मधल्या सीटवरून उठला, माझ्याकडे बघून ओळखीचं हसला, आणि थेट आत येऊन बसला. आणि त्यात पुन्हा मान! अंजनीताई म्हणाल्या, "पहिली भाकरी व्याह्यांना द्या हो!" आली. भाकरीवर चटणी, चटणीवर कच्चा कांदा. हातोहात माझ्यापर्यंत आली. नाही म्हणावं तर मुलाकडचे नाकं मुरडतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी भाकरीबरोबर खाल्ला. आणि वर काय म्हणालो? "वा! हात कोणाचा?" अंजनीताई खूश. "अजून एक द्या व्याह्यांना!"

कोलाड गेलं, इंदापूर गेलं, माणगावला रस्ता वळला म्हसळ्याकडे, आणि मग सुरू झाला घाट. घाट कसला, तो रस्ता नव्हेच... कोणीतरी जिलबी पाडून ठेवलेली! विक्रांत हौशीनं सांगतोय, "बाबा, काय व्ह्यू आहे बघा!" मला व्ह्यू कुठला? माझ्या एका बाजूला सुटकेस, दुसऱ्या बाजूला आकाश, खाली साईच्या रंगाची मखमल, आणि आत भाकरी, चटणी, कांदा, लिंबू असे सगळे एकमेकांना "तुम्ही पुढे व्हा, छे छे, तुम्ही पुढे व्हा" म्हणताहेत!

आता बाहेर पडायचं म्हणजे काय, तर मधली सीट दुमडायची, म्हणजे आधी तीन बायका उतरायच्या, त्याआधी गाडी थांबायची, त्याआधी मी तोंड उघडायचं. आणि तोंड उघडलं तर शब्द बाहेर येतील याची मला काही खात्री नव्हती! मग काय केलं, पाण्याची स्टीलची बाटली घेतली आणि काचेवर एकदाच हाणली. टण्ण!

आणि तुम्हाला सांगतो, चमत्कार झाला! सबंध प्रवासात ज्या माणसानं हूं की चूं केलं नव्हतं, ते शंकरराव पुढून गरजले, "घंटी पडली! थांब! गाडी थांबव!" एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. एवढी वर्षं दोरी ओढलेला माणूस, त्याच्या हाडात बसलेलं ते! विक्रांतनं दचकून ब्रेक मारला. गाडी थांबायच्या आत शंकरराव खाली उतरलेसुद्धा, आणि मागचं झाकण स्वतः उघडून मला सामानासकट बाहेर ओढलं. मला वाटलं, काय देवमाणूस आहे! तर ते गंगूला मोठ्यांदा सांगताहेत, "व्याह्यांना जरा मोकळं व्हायचंय. मी जातो सोबत. तुम्ही बसा, बसा, उतरू नका कोणी."

वळणाच्या पलीकडे कठडा होता, त्यामागे करवंदीची जाळी. तिथे मी माझा प्रवास... म्हणजे सोनिवलीपासूनचा सगळा... उलट क्रमानं दरीला सांगून टाकला. डोळे पुसून वर बघतो, तर शंकरराव कठड्याला धरून खाली बसलेले. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला. मी घाबरलो. म्हटलं, "काय हो? तुम्हालाही लागते?"

"लागत नाही हो," त्यांचा तो माइकशिवायचा आवाज पार सुतासारखा झालेला. "भीती वाटते."

"कसली?"

"समोरची!" इकडे तिकडे बघून म्हणाले, "भीमराव, सगळी नोकरी माझं तोंड पॅसेंजरकडे आणि पाठ ड्रायव्हरकडे. आमच्या त्या गाड्यांना दार मागे, घंटीची दोरी मागे, बसायचं मागे. सगळा महाराष्ट्र मी पाठमोरा पाहिलाय! रस्ता मागे पळून जाताना पाहिलाय मी. आज पहिल्यांदा अंगावर येताना बघतोय... तो समोरून ट्रक येतो ना, तो थेट माझ्या मांडीवरच येतो! ब्रेक मारून मारून पोटऱ्या दुखल्या माझ्या."

"ब्रेक कुठे आहे तुमच्याकडे?"

"तेच ना! कर्जतपासून डोळे मिटलेत. मागची सीट म्हणजे माझं माहेर आहे हो, आणि तुम्ही तिथे मजेत बसलेले. जळत होतो मी तुमच्यावर!"

मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मी म्हटलं, "शंकरराव, मग आत्ताच बदलू जागा!" ते उठले. दोघंही निघालो. चार पावलं गेलो... आणि दोघंही थांबलो.

ते म्हणाले, "पण सांगायचं काय? मी उठलो तर अंजनी म्हणेल, वाकलात."

मी म्हटलं, "आणि मी बसलो तर गंगू म्हणेल, मागून घेतलीत."

"तुम्ही कशाला भाषण केलंत लग्नात?"

"आणि तुम्ही कशाला उत्तर दिलंत? 'पुढे बसेन' म्हणायची काय गरज होती? नुसतं 'बरोबरीनं' म्हणून थांबायचं!"

मग शंकररावांनीच तोड काढली. म्हणाले, आपण तत्त्वाला धरून जाऊ. समता! जाताना मी पुढे, येताना तुम्ही पुढे. पाळीपाळीनं. यात कोणाचा मान नाही, कोणाचा अपमान नाही. मला पटलं. दोघांनी हात मिळवला आणि उरलेला घाट, मी मागे, ते पुढे, एकमेकांच्या आठवणीनं काढला. गाडी सुरू करताना मी काचेवर दोन टकटक केल्या. त्यांनी डोळे मिटले.

श्रीवर्धनला मग मजा आली म्हणतात. असेल. पोरं लाटांत लोळली, विक्रांतनं फोटो काढले, गंगू आणि अंजनीताई पाण्यात पाय बुडवून संध्याकाळभर आमच्याविषयी बोलल्या. मला विचाराल, तर मला समुद्र आठवत नाही. मला वाडीत चिंचेखाली लावलेली गाडी आठवते. सकाळ-संध्याकाळ मी तिला एक फेरी मारून यायचो, पुढच्या काचेतून आत बघायचो. ती सीट... साईच्या रंगाची... माझी! शंकररावही यायचे, ते मागच्या काचेतून आत बघायचे. आकाश म्हणाला, "नाना-आजोबा, गाडी चोरी नहीं होगी, टेन्शन मत लो."

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मालकीणबाई, बनूबाई. फार प्रेमळ. हातचं माशाचं कालवण असं की मी गाडीचा विचारही विसरलो, पानावर बसलो होतो तेवढा वेळ. निघायच्या सकाळी त्या परसातून आल्या, कमरेवर नातवंड घ्यावं तसा फणस घेऊन! अवाढव्य! "न्या वो भाऊ, घरचा हाय. कापा हाय, कडक गऱ्याचा. दोन घरांनी वाटून खावा." मी म्हटलं, कशाला उगीच. त्या म्हणाल्या, "नाय म्हनायचा नाय, मानाचा हाय."

मानाचा! तो शब्द ऐकूनच मला सावध व्हायला हवं होतं. पण मी आत गेलो, आंघोळ केली, स्वच्छ पँट घातली, भांग पाडला... अहो, लग्नाला निघाल्यासारखा बाहेर आलो. शंकररावही हसतमुखानं आले. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, ठरल्याप्रमाणे, "या भीमराव, येताना तुमची पाळी! बसा पुढे!" मी ठरल्याप्रमाणे एकदाच "छे छे" म्हटलं, आणि झटक्यात दार उघडलं.

पुढच्या सीटवर फणस बसला होता.

बसला होता म्हणजे बसलाच होता हो! पाठ टेकून. पट्टा लावून! खाली माझा तो पेपर घातलेला.

मी म्हटलं, "हे काय?"

गंगू म्हणाली, "मग काय करणार? मागे ठेवला तर घाटात गडगडतो, मधे ठेवला तर काटे टोचतात. आणि फणस दोन्ही घरांचा, कोणाच्या एकाच्या मांडीवर कसा द्यायचा?"

"आणि तुम्ही दोघं," अंजनीताई म्हणाल्या, "पुन्हा दाराशी तासभर 'तुम्ही बसा, छे छे, तुम्ही बसा' करणार. म्हटलं, दोघांनाही नको. मिटला विषय! आपल्यात मानपान नाही."

"पण पट्टा कशाला?"

आकाश म्हणाला, "आजोबा, वजन बसलं की गाडी ओरडते, टिंग टिंग टिंग. फणस को भी सेफ्टी मांगता ना!"

तर परतीला मागच्या सीटवर आम्ही तिघं. आकाश मधे, मी एका काचेला, आणि दुसऱ्या काचेला शंकरराव, रस्ता मागे पळताना बघत, गालातल्या गालात गाणं गुणगुणत! माहेरी आलेली लेक! त्यांना ठरल्याप्रमाणे न्याय मिळाला. मी? मी घाटात अंबाड्यांच्या मधून पुढे बघत होतो. समोर तेच दृश्य. एक डोकं. ताठ. जरा हलत नव्हतं. वळण आलं, शांत. ट्रक आला, शांत. खरं सांगतो, पुढच्या सीटवर बसायला लायक असा आमच्या कुटुंबात तो एकच निघाला. त्याला गाडी लागत नाही, त्याला भीती वाटत नाही, आणि त्यानं कुठल्या लग्नात भाषण केलेलं नाही!

बाटली पुन्हा एकदा वाजली. मग पुन्हा एकदा. करवंदीच्या जाळीनं मला ओळखलं असणार. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा गंगू म्हणाली, "व्याही, तुमच्या सवयी यांना लागल्या."

शेवटी सोनिवली आली. शंकरराव-अंजनीताई उतरले. अंजनीताई म्हणाल्या, "फणस मी चिरते, हाताला तेल लावून. निम्मा संध्याकाळी पाठवते." फणसाचा पट्टा सोडला, आकाशनं आणि शंकररावांनी मिळून त्याला उचलला, आणि... पुढची सीट रिकामी झाली!

मी गंगूकडे बघितलं. ती थकली होती. म्हणाली, "बसा हो, बसा पुढे. आता कोण आहे बघायला?"

बसलो! अहो, टेकलो मागे, काच चार बोटं खाली घेतली, समोर रस्ता! बदलापूर ते अंबरनाथ. सरळसोट रस्ता, एक वळण नाही, आणि ट्रॅफिक असं की गाडी गाईच्या चालीनं चाललेली. ज्या रस्त्यावर मला सामानाच्या टपावर बसवलं असतं तरी काही झालं नसतं, तिथे मला पुढची सीट मिळाली. असू दे. मिळाली ना! मी ऐटीत ओळखीच्या पानवाल्याला हातसुद्धा केला. सिंधी दुकानदाराचे शब्द आठवले. बैठेगा तो उठने का मन नहीं करेगा. खरं आहे, म्हटलं, मखमल ती मखमल.

घर आलं. सगळे उतरले. विक्रांत म्हणाला, "बाबा, उतरा."

उतरतो म्हणून मी उठलो... म्हणजे उठायला गेलो... आणि पुन्हा बसलो. पुन्हा उठलो. सीट माझ्याबरोबर उठली!

चीक हो, चीक! ताज्या तोडलेल्या देठाचा चीक, दिवसभर ठिबकत बसलेला. पेपर त्यानं केव्हाच भिजवलेला, आणि पेपराच्या वर मी! विक्रांत ओरडला, "बाबा, सीट कव्हर!" बाप अडकलाय, आणि हा सीट कव्हर म्हणून ओरडतो! आकाशनं ओढलं, गंगूनं ओढलं, प्रीती "अहो हळू, अहो हळू" म्हणत राहिली. ज्या सीटसाठी मी दोन घाट आणि एक समुद्र तळमळलो, ती आता मला सोडेना! शेवटी विक्रांतनं खालच्या नाड्या सोडल्या आणि कव्हरासकट मला बाहेर काढलं. म्हणाला, "वर जाऊन तेल लावू."

तर अशा रीतीनं मी जिना चढलो. मागे साईच्या रंगाची मखमल लोंबतेय, पोळ्याच्या बैलाला झूल घालावी तशी, आणि मखमलीच्या कडेनं पेपर. मागून यशोधरा एक एक पायरी चढत माझ्या पाठीवरच्या ठळक बातम्या मोठ्यांदा वाचतेय! पहिल्या मजल्याची दारं उघडली. दुसऱ्या मजल्याची उघडली. चौथ्या मजल्यावरचे तर खाली उतरून आले, हसले, ते तुम्हाला आधी सांगितलंच.

घरात येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, गंगू खोबरेल तेलाची बाटली घेऊन मागे बसली, आणि फोन वाजला. शंकरराव! आवाज पुन्हा माइकशिवायचा.

"काय भीमराव! मिळाली म्हणे शेवटी पुढची सीट? जाताना मी, येताना तुम्ही... झाली ना समता? आपल्यात मानपान नाही!"

मी म्हटलं, "नाहीच हो आपल्यात. जो काय थोडा आहे, तो माझ्या मागे चिकटलाय. गंगू काढतेय."